बाळाच्या कमरेवरचे निळे डाग आणि दारात आलेली चौकशी

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही एडिसनला राहतो. मुलगी दहा महिन्यांची. परवा डायपर बदलताना डेकेअरच्या बाईंना तिच्या कमरेखाली निळसर डाग दिसले आणि त्यांनी थेट हॉटलाइनला कळवलं. संध्याकाळी बालसंरक्षण खात्याची बाई दारात! तिनं फ्रिज उघडला, पाळणा पाहिला, बाळाचे कपडे काढून फोटो घेतले. सासूबाई सध्या इथेच आहेत, अंघोळ-मालिश त्याच करतात. मालिश कशी करता विचारल्यावर त्यांनी उशीवर दाबून दाखवलं, तर ती भराभर लिहायलाच लागली. डाग जन्मापासूनचे आहेत हो! बेल वाजली की पोटात गोळा येतो, झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, आईला लवकर परत पाठवू. नॉर्वेसारखं बाळ उचलून नेतील का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : अगं, फाइल घेऊन लोकांच्या दारात उभी राहणारी ती बाई एके काळी मी होते, याच राज्यात. त्यामुळे तुझ्या घरातली ती संध्याकाळ मला दोन्ही बाजूंनी दिसते आहे.

आधी बाळाच्या डॉक्टरकडे जा. आपल्याकडच्या, आफ्रिकी आणि पूर्व आशियाई वंशाच्या कितीतरी बाळांना असे डाग जन्मतः असतात. रंगपेशी कातडीच्या खालच्या थरात राहून जातात, म्हणून ते निळे-करडे दिसतात. पूर्वी ‘मंगोलियन स्पॉट’ म्हणत, आता डॉक्टर ‘डर्मल मेलानोसायटोसिस’ लिहितात. माराचा वळ काही दिवसांतच हिरवट-पिवळा पडून जातो. हा डाग महिनोन्महिने तसाच राहतो आणि पुढे काही वर्षांत बहुधा फिका होतो. जन्मानंतरच्या तपासणीत त्याची नोंद झाली आहे का बघ. नसेल तर आता डाग कुठे, केवढा, हे लिहून घे. पहिल्या महिन्यातल्या अंघोळीचा एखादा व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर टाकलाच असशील. तो मूळ तारखेसकट जपून ठेव. डाग तेव्हाही होते, हे त्याच्याइतकं स्पष्ट कोण सांगणार?

डेकेअरच्या बाईंशी भांडू नकोस. रांगायच्या वयातल्या बाळाच्या कमरेवर निळं दिसलं तर शंका येणारच. न्यू जर्सीत संशयाला वाजवी कारण असेल तर कळवणं शिक्षक-डॉक्टरांनाच नव्हे, प्रत्येक माणसाला बंधनकारक आहे. आणि ही वेळ फक्त तुझ्यावर आली आहे असंही समजू नकोस. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की अमेरिकेतल्या सुमारे ३७ टक्के मुलांच्या वाट्याला अठरा वर्षांची होईपर्यंत कधी ना कधी अशी चौकशी येते. मंडळाच्या गणपतीत तुझ्या पंगतीला बसणाऱ्यांतही अशी घरं असतील. सांगत कोणीच नाही.

नॉर्वेचं ते प्रकरण, भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारनं ताब्यात घेतली ते, २०११ चं, स्टाव्हँगर शहरातलं, आणि तिथला कायदा निराळा. इथे तातडीनं मूल हलवलं तरी कोर्टाच्या कामकाजाच्या दोन दिवसांत न्यायाधीशापुढे जावं लागतं. त्या प्रकरणाचे फॉरवर्ड वाचणं मात्र आजपासून बंद.

आरोप नेमका काय, हे पहिल्या भेटीतच सांगणं केंद्रीय कायद्यानं आवश्यक आहे. सांगितला नसेल तर विचार. विचारलं त्याचं खरं आणि थोडक्यात उत्तर दे. आपण घाबरलो की आपलं निर्दोषत्व सिद्ध करायला पणजीपासूनची कहाणी सांगत बसतो, आणि त्यातलं एखादं भलतंच वाक्य फाइलमध्ये जाऊन बसतं. सही करायचा कागद, विशेषतः ‘सेफ्टी प्लॅन’ (बाळाच्या सुरक्षेसाठी घरात काय पाळायचं याचा लेखी करार) म्हणून पुढे केलेला, आधी कुटुंब न्यायालयाचं काम करणाऱ्या वकिलाला दाखव. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऐपत नसली, तर पब्लिक डिफेंडरच्या कचेरीतून पालकांना वकील मिळतो. चौकशी साधारण ६० दिवसांत संपते, कधी लांबते. शेवटी निष्कर्षाचं पत्र येईल. इथे चार प्रकारचे निष्कर्ष असतात. ‘अनफाउंडेड’ म्हणजे आरोपात तथ्य नाही. ‘नॉट एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे छळ ठरला नाही, पण बाळाला इजा झाल्याचा किंवा धोका असल्याचा काही पुरावा दिसला. तेव्हा पत्रावर नेमकं काय लिहिलंय ते वाच. व्हिसाची धास्ती असेल तर ते इमिग्रेशन वकिलालाच विचार, पार्किंग लॉटमधल्या तज्ज्ञांना नाही.

आता सासूबाई. त्यांच्या आणि त्या बाईच्या मध्ये तुझ्या नवऱ्यानं दुभाषा होऊ नये. मराठी दुभाष्या मागा, फोनवरून मिळतो. मालिश काही गुन्हा नाही. पण पाय धरून बाळाला उलटं झुलवायची जुनी पद्धत तुमच्याकडे असेल तर ती थांबवा, काजळही बंद करा, त्यात शिसं सापडलेलं आहे. हे त्या बाईला दाखवायला नाही, बाळासाठी. म्हातारीला मात्र हे तुझ्या नवऱ्यानं सांगावं, तू नव्हे. आधीच उशीवर हात दाबून दाखवल्याचं त्या मनाला लावून बसल्या असणार, आणि सुनेकडून आलं की तो दुसरा आरोप होतो.

तुझ्या झोपेचं बघ. ऑफिसात सांगायची गरज नाही, पण एका मैत्रिणीला सगळं सांग, एकीलाच. अंघोळीच्या वेळी थोडे दिवस नवऱ्याला शेजारी उभं कर. रात्री फारच भरून आलं तर नव्या आयांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १-८३३-८५२-६२६२, चोवीस तास, फुकट, दुभाष्याही मिळतो. समुपदेशकाकडे गेल्याचा चौकशीत वाईट अर्थ काढतील ही भीती बाळगू नकोस. औषध चालू असलेल्या आयांच्या फाइली मी समाधानानं बंद केल्या आहेत.

आणि नवऱ्याला सांग, तिकिटाला हात लावायचा नाही. चौकशीच्या मधेच आजी विमानात बसल्या तर ते लपवाछपवीसारखं दिसतं. चौकशीवाल्या बाईला आजींना पुन्हा भेटायचं असेल तर त्या घरी असलेल्या बऱ्या. तारीख बदलायचीच झाली तर आधी वकिलाला विचारा, मग एअरलाइनला.