आधी कॅलेंडर, मग सोनोग्राफी

प्रिय लेकी,

लातूरच्या होस्टेलवरून पाठवलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. त्यावर ‘पीसीओडी’, म्हणजे अंडाशयात बऱ्याच गाठी, असं लिहिलंय म्हणून दोन दिवस जेवली नाहीस, हे वाचून जीव कळवळला. घाबरू नको माय. त्यात दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात काही बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पिकून बाहेर पडतं. तुझी अर्ध्यावर थांबलेली दिसतात. पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत तर नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलींचंही अंडाशय असंच दिसतं. तुला तर पाचच वर्षं झाली.

तुझ्या वयात दोन गोष्टी मिळून दिसाव्या लागतात: पाळीची अनियमितता, आणि पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात जास्त टेस्टोस्टेरॉन. म्हणून आजपासून तारखा लिही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. 21 ते 35 दिवस ठीक. 90 दिवस उलटले तर मात्र ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नको. बीज सुटलं नाही की अस्तराची वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, मग एकदम पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. अस्तर उतरवायला डॉक्टर ठरावीक दिवस गोळ्या देतात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ‘पाळी आणायची गोळी’ आणू नको.

मानेमागचा काळपट, मखमलीसारखा पट्टा दगडानं घासतेस ना? तो मळ नाही. रक्तातली साखर आवरणारं इन्शुलिन नीट काम करत नसलं की शरीर ते जास्त तयार करतं. त्यानं तिथली कातडी जाड होते, आणि तेच इन्शुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन वाढवायला लावतं. घासल्यानं आणखी काळं होईल.

ताट बदल, उपाशी राहू नको. मेसमधला भाताचा ढीग अर्धा कर, वाटीभर मटकीची उसळ किंवा वरण, मेथी, काकडी आणि ताक घे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चांगली म्हणून चार नाहीत. चहा-बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे. वजन 70 किलो असेल तर साडेतीन किलो उतरलं तरी पुष्कळदा पाळी रुळावर येते. बारा बारा तास बसून अभ्यास करतेस, तर जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटं चाल.

डॉक्टरांनी इन्शुलिन नीट चालावं म्हणून मेटफॉर्मिनची गोळी दिली तर ती जेवणासोबतच घे, नाहीतर मळमळतं, जुलाब होतात. घर माळकरी आहे तुमचं, मांस-अंडी नाहीत, म्हणून बी-12 जीवनसत्त्व आधीच कमी असू शकतं. त्यात ही गोळी वर्षानुवर्षं चालली तर ते आणखी कमी होतं, ते तपासायला सांग. हनुवटीवरच्या केसांसाठी दिलेल्या औषधाचा फरक दिसायला सहा महिने जातात.

पुढच्या वेळी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तपासून घे, त्यांच्यामुळेही पाळी लांबते. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त देऊन 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी परत रक्त द्यायचं. मधल्या वेळात काही खायचं नाही, फिरायचं नाही. संपल्यावर खायला पिशवीत भाकरी-चटणी ठेव.

तुझी ताई