सोलापुरात लहान पक्षाला मत द्यायला लोकांना कसं पटवायचं?

हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय की लहान पक्षासाठी घरोघर फिरताना एकच वाक्य कानावर येतं, "माणूस चांगलाय हो, पण मत वाया जातंय." 2017 च्या महापालिका निवडणुकीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की दार उघडणाऱ्याचा चेहरा बघूनच कळायचं, आता येणार. मी सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी एका लहान पक्षाचं काम करतो. पक्ष कोणता ते सांगत नाही. सांगितला तर निम्मे वाचणारे इथंच थांबतील आणि उरलेले भांडायला येतील.

आधी एक पथ्य सांगतो. "मत वाया जात नाही" असं ठणकावून सांगू नका. सोलापूरकराला आकडे पाठ असतात. 2019 च्या लोकसभेला इथं भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी सुशीलकुमार शिंद्यांपेक्षा साधारण 1 लाख 58 हजार मतांनी पुढे राहिले आणि वंचित बहुजन आघाडीकडून उभ्या असलेल्या प्रकाश आंबेडकरांना 1 लाख 70 हजार मतं पडली. आता कुणी म्हणतं ती मतं शिंद्यांची होती, कुणी म्हणतं ती त्यांच्याकडे कधीच गेली नसती. यावर चहाच्या टपरीवर आजही वाद घालता येतो. पण समोरचा हे उदाहरण काढतो तेव्हा त्याच्या मनात खरी भीती असते. तिला हसलात की दार बंद. मी सरळ म्हणतो, "लोकसभेचं तुमचं तुम्ही ठरवा. मी महापालिकेचं बोलायला आलोय."

आणि महापालिकेचं गणित खरोखर वेगळं आहे. लहान पक्षाचे कार्यकर्ते नेमकं हेच सांगत नाहीत, विचारधारेवर अर्धा तास बोलतात. आपल्याकडे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात (दोन प्रभागांत तीन). मतदाराला चार बटणं दाबायची असतात, अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी एक. मोठे पक्ष पूर्ण पॅनेल घेऊन येतात आणि सांगतात, चारही बटणं एकाच चिन्हावर. तसा नियम कुठेही नाही. तीन मतं कुणालाही द्या, एक आम्हाला द्या. एवढंच मागायचं.

हे मला शिकवलं एका विडी कामगार अक्कांनी. सूप मांडीवर, हात चालूच, मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या घरात सगळे त्यांच्याकडंच देतात. तुमाला दिलं तर मुलगा भांडतोय." मी सवयीनं मजुरीवर बोलायला लागलो. हजार विड्यांमागे किती मिळतात आणि किती मिळायला हवेत, वगैरे. त्यांनी थांबवलं. "ते मला सांगतोस? मी वळते का तू?" मी गप्प. मग म्हटलं, "अक्का, चार मतं आहेत तुमची. तीन मुलगा म्हणतोय तिथं द्या. ड चं तेवढं आम्हाला." पहिल्यांदा हात थांबला. "असं चालतंय व्हय?" चालतं म्हटलं. त्यांना वाटत होतं की चार बटणं चार वेगवेगळ्या ठिकाणी दाबली तर मतच बाद होतं. त्या गल्लीत आणखी सात-आठ घरांत हाच समज निघाला. कुणी मुद्दाम पसरवला होता की आपोआप झाला होता, देव जाणे.

तेव्हापासून आमचं सगळं बोलणं एका अक्षरावर आलं. पत्रकावर मोठ्ठा ड, खाली चिन्ह. आणि दोन ओळी: चारही बटणं दाबायची आहेत, एक दाबून बाहेर येऊ नका. वयस्कर लोक पहिलं बटण दाबून निघतात आणि आतला कर्मचारी त्यांना परत बोलावतो, मग घाईत बोट कुठंही पडतं. पूर्व भागात तेलुगू घरं बरीच, तिथं तेलुगूतून बोला. मला चार वाक्यं येतात, पण "ओक्क ओटु वेय्यंडी, अक्का" (एक मत द्या, अक्का) एवढं म्हटलं तरी बसायला पाट मिळतो. हैदराबादहून भाषण करायला पाहुणा आणण्यापेक्षा हे स्वस्त.

पुढचा प्रश्न ठरलेला: "एक नगरसेवक येऊन काय करणार?" इथं मी 2017 चा निकाल सांगतो. एकूण जागा 102, बहुमताला 52. भाजप 49 वर थांबला, शिवसेना 21, काँग्रेस 14, एमआयएम 9, राष्ट्रवादी आणि बसप प्रत्येकी 4, माकप 1. म्हणजे सगळ्यात मोठ्या पक्षालासुद्धा तीन माणसं कमी पडली होती. अशा सभागृहात चार जणांचा गट म्हणजे चेष्टा नाही. पण दरवेळी असंच होईल असं वचन देऊ नका. एकाच पक्षाला भरघोस बहुमत मिळालं की तुमचा एकटा नगरसेवक प्रश्न विचारण्यापलीकडे फार काही करू शकत नाही, हेही सांगून टाका. माझ्या सासऱ्यांना उलट तेच पटलं. ते जन्मभर एकाच मोठ्या पक्षाचे. म्हणाले, "जावईबापू, प्रश्न विचारणारा एक तरी पाहिजे की. आमचे तर हात वर करायला जातात." तरी मत त्यांनी दिलं का, मी विचारलं नाही. सासऱ्याला मत विचारू नये.

दोन उदाहरणं आपले लोक हमखास देतात आणि दोन्ही उलटतात. एक, गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब. शेकापसारख्या (शेतकरी कामगार पक्ष) लहान पक्षातून सांगोल्यातून अकरा वेळा आमदार, एसटीनं फिरणारा माणूस. मी एकदा जुळे सोलापुरात हे सांगितलं तर एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बरोबर. मग तुमचा उमेदवार आबासाहेब आहे का?" आमचा उमेदवार शेजारीच उभा होता. त्यानं चप्पल बघितली.

दुसरं, सोलापूरजवळच्या कुंभारीची घरं. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मध्ये उभी राहिली, तिथल्याच कामगारांच्या रे नगर वसाहतीची पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. दोन्हीमागे माकपचे आडम मास्तर. विचार पटो न पटो, एवढं काम या शहरात फार थोड्यांनी केलंय. पण 2004 नंतर मास्तरांना विधानसभा जिंकता आली नाही. तेव्हा "आम्ही काम केलं, मत द्या" हे वाक्य मी सोडून दिलं. लोक कामाचे आभार मानतात आणि मत दुसरा हिशेब करून देतात. यात कृतघ्नपणा आहे असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. घर मिळालेली बाई कुणाची मिंधी होत नाही, ते चांगलंच आहे.

मग पटतं कशानं? माझा अनुभव असा की निवडणूक नसताना कोण दिसतो यानं. आमच्या वॉर्डात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाळी चुकली की लोक कुणाला फोन करतात, ते नाव शोधा. आमच्याकडे तो फोन पाण्याच्या टाकीजवळ राहणाऱ्या एका रिक्षावाल्याला जायचा, पक्षबिक्ष काही नाही त्याला. त्याला उमेदवार करा असं मी म्हणत होतो. ऐकलं नाही कुणी. शेवटी तो आमच्याबरोबर फिरला एवढंच, आणि तो बरोबर असलेल्या गल्ल्यांत आम्हाला बाकीच्यापेक्षा बरी मतं पडली. सीट नाहीच आली, तिसऱ्या नंबरवर राहिलो.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रचार करू नका. तिथं कुणी पटत नाही, फक्त काकांशी संबंध बिघडतात. पटवायचंच असेल तर एकेकाला, समोर बसून, आणि निम्म्यापेक्षा जास्त वेळ त्यांना बोलू देऊन.

पक्ष मान्यताप्राप्त नसेल तर चिन्हाचीही कसरत आहे. कमळ, पंजा शेंबड्या पोराला माहीत. तुमचं चिन्ह अर्ज माघारीनंतर ठरणार, आणि मग हातात जेमतेम दहा-बारा दिवस. त्या दिवसांत ओळख करून द्यायला बसलात तर संपलं. माणसाची ओळख आधी झालेली हवी, त्या दिवसांत फक्त चिन्ह पोचवायचं. पत्रकं आधी छापून ठेवण्याचा शहाणपणा आम्ही केला होता. मागितलेलं चिन्ह मिळालं नाही आणि चार गठ्ठे शेंगदाणे बांधायला गेले.

आणि मतदानाच्या दिवशीची एक गोष्ट, जी आम्हाला दुपारी एक वाजता कळली. कोणत्या गल्लीत त्या दिवशी पाण्याची पाळी आहे, याची यादी आदल्या रात्रीच करा. सकाळी पाणी असेल तिथल्या बायका घागरी भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, तुम्ही दहादा बोलवायला गेलात तरी. तिथं अकरानंतर जा.