सायन्स म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनिअरच का?

प्रश्न : नमस्कार बाई. आमची नारायणगावजवळ टोमॅटो-द्राक्षाची शेती आहे. मुलगी नववीत आहे. बिघडलेला मिक्सर, मोटरचा स्टार्टर, काही सापडलं की उघडून बसते. गणितात मात्र साठ-पासष्टच्या वर जात नाही. भावकी म्हणते, सायन्स म्हणजे जेईई नाहीतर नीट. ते क्लास आपल्याला झेपायचे नाहीत, तिला आर्ट्सला घाला. ती सायन्सवर अडून बसली आहे. काय करावं?
– एक पालक, ता. जुन्नर

उत्तर : दादा, तिला आधी खोडदला घेऊन जा. तिथे आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या डिश तुमच्या लेकीने रस्त्यावरून पाहिल्या असतीलच, पण २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला ती जागा लोकांसाठी खुली करतात आणि शाळा-कॉलेजांच्या प्रयोगांचं प्रदर्शनही भरतं. तेव्हा जा, आणि घाई न करता दिवसभर थांबा.

एखाद्या डिशच्या जवळ उभं राहून तिला वर बघायला सांगा. ४५ मीटर व्यासाची डिश, पण आरपार आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नाही, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची आहे. एवढी भोकं असून लहरी निसटत कशा नाहीत, हे तिलाच विचारा. लगेच सांगून टाकू नका, घरी येईपर्यंत विचार करू द्या. ही दुर्बीण ज्या रेडिओ लहरी पकडते त्यांची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची. त्या लहरींना जाळी सलग पत्र्यासारखीच. वारा मात्र पार होतो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च वाचला. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना मला आजही थक्क करते.

आता स्टार्टरकडे येते. त्यात ठिणगी उडते ना, ती ठिणगीसुद्धा रेडिओ लहरी सोडते, आणि अशी खरखर या दुर्बिणीला त्रासाची. ही जागा निवडताना भोवतीचे डोंगर आणि इथली रेडिओ-शांतता दोन्ही पाहिलं होतं. म्हणजे तुमची लेक जे उघडून बसते ते सायन्सच आहे. (फक्त थ्री-फेजला हात लावण्याआधी मेन बंद करून फ्यूज काढायची सवय लावा. यात सूट नको.)

अशा ३० डिश २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या फिरवणाऱ्या मोटरी, गिअरबॉक्स, सगळे सिग्नल एका जागी आणणारी ऑप्टिकल फायबर, ते जुळवणारे कॉम्प्युटर, हे सांभाळायला खगोलशास्त्रज्ञाइतकीच फिटर, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसं लागतात. तिथे जे कोणी भेटतील त्यांना तिने एकच विचारावं : तुम्ही दहावीनंतर काय केलंत? उत्तरं वेगवेगळी येतील. भावकीच्या दोन रस्त्यांपेक्षा ती उत्तरं खरी.

कारण रस्ते आहेत, दादा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तो करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. हात चालणाऱ्या मुलीला मी हाच पहिला सुचवेन. आयटीआय आहे. बारावी करून साधं बी.एस्सी. आहे. संशोधनाची ओढ लागली तर पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. शिवाय नारायणगावातच कृषी विज्ञान केंद्र आहे. पुढच्या वेळी मातीचा नमुना द्यायला तिलाच पाठवा आणि तपासणी कशी करतात ते बघू द्या.

‘सायन्स झेपणार नाही’ हे तिच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका. घरातल्या मोठ्यांनी म्हटलेलं मुलं खरं मानतात, मुलींना तर ते जास्तच ऐकवलं जातं. वर्गात मी हे फार पाहिलंय आणि त्याचा मला अजून राग येतो.

राहता राहिलं गणित. तिचे तपासलेले पेपर काढा आणि मार्क नेमके कुठे गेले ते तिच्याबरोबर बघा. माझ्या अनुभवात नववीची मुलं बहुधा नववीच्या गणितात अडत नाहीत. अपूर्णांक आणि वजा चिन्ह सातवीत कच्चं राहिलेलं असतं. तसं निघालं तर महागडा क्लास नको. रोज संध्याकाळी अर्धा तास सातवीचं पुस्तक सोडवायला घ्या. ई-बालभारतीवर ते फुकट मिळतं.