पोच घेतलीस का?

बाळा,

परवा रविवारी तू येऊन गेलास. मी पोहे परतता परतता मोजत होते, तू सात वेळा म्हणालास "सर म्हणाले होते". सर म्हणाले होते सहा महिन्यांत कन्फर्म करतो, सर म्हणाले होते आठवड्यातले दोन दिवस घरून काम चालेल, सर म्हणाले होते पगाराचं बघू. आता आठवा महिना लागला आणि तेच सर विचारतात, असं मी कधी म्हणालो? तू बशीतले शेंगदाणे वेचून कडेला लावत होतास, लहानपणी लावायचास तसेच, आणि मला एकदम राग आला. तुझा नाही. म्हणजे थोडा तुझाही.

"मावशी, सोडू का हा जॉब?" असं विचारलंस तेव्हा मी गप्प बसले कारण तुझे काका समोर होते, मी तोंड उघडलं की ते म्हणणार झालं हिचं पोचपुराण सुरू. म्हणून लिहितेय. तू हुशार आहेस, होईल सगळं नीट, हे तुझी आई रोज फोनवर सांगतेच, त्यात माझी भर नको. मला फक्त एवढं सांग की पोच कुठाय? तुझे सर जे म्हणाले त्याची एक ओळ तरी तुझ्याकडे कुठे आहे का? नाही ना. मग ते म्हणालेच नाहीत. ऑफिसमध्ये जे लेखी नाही ते झालेलंच नसतं, कितीही अन्याय वाटू दे.

मी 1986 ला फोर्टातल्या ऑफिसात लागले ती आवक-जावक टेबलावर. दिवसभर पाकिटं, नंबर, तारीख, शिक्का. माझ्याबरोबरच्या मुली टायपिंगला होत्या, त्यांना माझ्या टेबलाची कीव यायची, मलाही यायची. मग एकदा बॅलार्ड इस्टेटला एक पाकीट गेलं. शिपाई देऊन आला, माझ्या जावक रजिस्टरला नोंद आहे, पण त्याने पोच आणली नाही आणि मीही मागितली नाही, शुक्रवारची संध्याकाळ होती, 5:50 ची फास्ट गाठायची होती. सोमवारी समोरचे म्हणाले आम्हाला काही मिळालंच नाही. मेमो कोणाला? मला. त्या वर्षीची वाढ कोणाची गेली? माझी. पाकीट तीन महिन्यांनी त्यांच्याच कपाटामागे सापडलं म्हणे, पण मेमो काही कोणी परत घेतला नाही. तेव्हापासून मी पोच घेतल्याशिवाय कोणाला चहाचा कपसुद्धा देत नाही असं काका सगळ्यांना सांगतात. यमालासुद्धा म्हणेल इथे सही करा, तारीख घाला.

हसू दे.

आता तू काय करायचंस ते ऐक, भांडायचं नाहीये. तुमची पिढी लेखी म्हटलं की लगेच चार पानी तक्रार लिहायला बसते, मध्ये मध्ये बोल्डमध्ये वाक्यं. अजिबात नको. सरांशी बोलून आलास की त्याच संध्याकाळी, पंच करून बाहेर पडायच्या आधी, तीन ओळींचा मेल. आज दुपारी आपलं जे बोलणं झालं त्यानुसार माझं कन्फर्मेशन अमुक महिन्यात होईल असं मी समजतो, काही चुकत असेल तर कळवावं, आभार. बस्स. गोड भाषेत. त्यांनी उत्तर दिलं तर उत्तम, नाही दिलं तरी तारखेसकट तुझा मेल तर गेला. व्हॉट्सअपवर नको, तिथे माणसं अंगठा दाखवतात आणि नंतर तो अंगठा कशाला दाखवला होता हेच विसरतात. आणि नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 हे सगळं ऑफिसच्या मेलमध्ये पडू देऊ नकोस, तुझ्या स्वतःच्या मेलवर घेऊन ठेव, कारण ज्या दिवशी तू सोडशील त्याच संध्याकाळी तो मेलबॉक्स बंद होतो. कंपनीच्या कामाच्या फाइली मात्र नाही हं, फक्त तुझ्या नावाचे कागद. तो फरक कळतो ना तुला?

दुसऱ्या कंपनीतली ती बाई फोनवर म्हणतेय की ऑफर लेटर येतंय, तुम्ही तोपर्यंत पेपर टाका, म्हणजे राजीनामा द्या. टाकू नकोस! येतंय म्हणजे आलेलं नाही. पत्र मेलवर येऊ दे, त्यात पगार किती, जॉइन कधी, नोटीस किती, सगळं वाच, तू स्वीकारल्याचा मेल पाठव, त्यांचं उत्तर येऊ दे, मग टाक पेपर. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात तर नेमणूकपत्र देणं सक्तीचंच केलंय, म्हणजे तू मागतोयस तो काही लाड नाही. एवढ्याने जी कंपनी रुसेल ती पुढे काय करेल याचा विचार कर.

पीएफचं विचारलं तर तू म्हणालास "कट होतो ना मावशी, स्लिपमध्ये दिसतो". स्लिपमध्ये दिसतो म्हणजे कापला, भरला असं कुठे लिहिलंय? भरल्याची पोच म्हणजे पासबुक. तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे ना, मग दर महिन्याला उघडून बघ, दोन मिनिटं लागतात, रील बघतोस त्यापेक्षा कमी. आणि बघितल्यावर घाबरून मला फोन करू नकोस की मालकाचे पैसे कमी दिसतायत. समज 15,000 बेसिक धरलं तर तुझे 12 टक्के म्हणजे 1800, मालकाचेही तेवढेच, पण त्यातले 1250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि पीएफमध्ये 550 दिसतात. ते बरोबर आहे. जॉब बदललास तर तो पैसा काढून फोन घेऊ नकोस, नव्या खात्यात ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागतो आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात, आज तुला ते हास्यास्पद वाटेल, वाटू दे.

आणि ती काळाचौकीची खोली. तिघांत मिळून डिपॉझिट, तुझे 20,000 तू मित्राच्या हातात रोख दिलेस आणि मित्राने मालकाला. ॲग्रीमेंट? "त्याच्या नावावर आहे बहुतेक." बहुतेक! अरे आपल्याकडे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याचं कलम 55 सरळ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स लेखीच हवं आणि रजिस्टर केलेलंच हवं, आणि ती जबाबदारी मालकाची, तुझी नाही. नसेल केलं तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. पण त्यासाठी आधी तू भाडेकरू आहेस हे तर कुठेतरी दिसायला हवं ना. आज मित्राला मेसेज कर, डिपॉझिटमधले माझे 20,000 तुला अमुक तारखेला रोख दिले, बरोबर ना? तो हो म्हणेल. आज मित्र आहे म्हणून म्हणेल, उद्या तुमचं बिनसल्यावर नाही म्हणणार. मैत्री चांगली असतानाच लिहून घ्यायचं असतं.

तुला वाटतं म्हातारी कागदांच्या मागे वेडी आहे. ठीक आहे, मग हेही ऐक, हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

तू करी रोडच्या पुलावरून चालत ज्या काचेच्या इमारतीत जातोस ना, त्या भागात माझे वडील कापडगिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर घरी. अकरा वर्षं जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सांगत होता पुढच्या महिन्यात परमनंट करतो. अकरा वर्षं "जॉबर म्हणाला होता". मग 18 जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, तो पुढचा महिना काही आला नाही. आम्ही लालबागच्या त्याच खोलीत राहिलो. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, हिरवी, कडी मोडलेली, तिला सुतळी बांधलेली.

1998 ला भावाच्या लग्नाआधी खोलीला रंग काढायचा होता. मी माहेरी आले होते मदतीला. पेटीतले कागद तेलकट, पिवळे, काहींना वाळवी, मी सगळे पोत्यात भरले आणि रद्दीवाल्याला दिले. त्या पैशांची वेलची केळी आणली, सगळ्यांनी खाल्ली, वडिलांनीही. 2010 च्या सुमाराला गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचे फॉर्म निघाले. पुरावा काय तर मिलचा पास, तिकीट नंबर, पीएफ नाहीतर ईएसआयसीचं कार्ड, काहीही एक. वडील दोन दिवस पलंगाखाली वाकून शोधत होते, गुडघे दुखत होते तरी. मला फोन करून विचारलं, "पेटीतले कागद कुठे गेले गं?" मी म्हणाले उंदरांनी खाल्ले असतील.

2011 ला ते गेले. जून 2012 मध्ये पहिली सोडत निघाली, 6925 घरांची. त्यांचा नंबर लागलाच असता असं मी म्हणत नाही, लाखावर अर्ज होते. पण फॉर्म तरी भरला असता माणसाने.

तर आता मी झेरॉक्स काढते. सगळ्याच्या. गावच्या जमिनीच्या वेळी भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला, म्हणाला ताई इथे सही कर, मी म्हटलं ठेव, वाचते, दोन दिवसांनी ये. त्याला एवढा राग आला की दोन वर्षं भाऊबीज नाही. तुझी आई म्हणते मी तेव्हा चुकले, भावाशी असं वागतात का. मी चुकले नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही एवढंच म्हणाले, सही तर केलीच ना शेवटी? त्या दोन भाऊबिजांना मी ताट करून बसले होते हे कोणी सांगत नाही, फक्त मी वाचायला मागितलं हे सगळे सांगतात. असो. तो विषय नको.

तू त्या मुलीचंही काहीतरी बोललास, की ती "बघू पुढे" म्हणते. तिथे मात्र मेलबिल करू नकोस बाबा. तिथे माझं शास्त्र चालत नाही, काकांना विचार, लग्नाआधी मी त्यांना काय काय लिहायला लावलं ते ते मीठमसाला लावून सांगतील.

जॉब सोडायचा की नाही ते मी नाही सांगणार. नवं पत्र हातात आलं तर बस आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ठरव, नाही आलं तर ठरवण्यासारखं काही नाहीच, उगाच रात्री दोनपर्यंत जागून डोकं फिरवून घेऊ नकोस, डोळ्यांखाली बघ काय झालंय. आणि सरांना उद्याच भेट, परवावर ढकलू नकोस, संध्याकाळी तो तीन ओळींचा मेल लिही, पाठवायच्या आधी मला दाखव. मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी मी करून देते, 34 वर्षं तेच केलंय.

पुढच्या रविवारी येतोस तेव्हा खोलीचं ॲग्रीमेंट घेऊन ये, फोटो नको, कागद. आणि दिवाळीला चिवडा नेलास तो स्टीलचा डबा परत आण. तुझ्या रूममेटने त्यात साबणाची पावडर भरली असेल तर घासून आण. झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे हा नव्हेच असं म्हणू नकोस.

तुझी मावशी