फळा दिसत नाही म्हणून मुलगा ‘ढ’ ठरत नाही

प्रश्न : माझ्या ८ वर्षांच्या मुलाला अल्बिनिझम (जन्मतःच रंगद्रव्य कमी असणं) आहे, केस-पापण्या पांढऱ्या, डोळे सारखे हलतात. शाळेत पोरं ‘इंग्रज’ म्हणून चिडवतात, बाई म्हणतात लक्ष नसतं, फळ्यावरचं उतरवत नाही. सासूबाई म्हणतात तू ग्रहणात बाहेर गेलीस म्हणून झालं. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते ग्रहणाचं डोक्यातून काढा. हे जीन्समुळे होतं, बहुतेक वेळा आईकडून आणि बाबांकडूनही तो जीन आला तरच, मग एकट्या तुमच्यावर खापर का? आणि हे कोड नाही, संसर्ग तर नाहीच.

लक्ष नसतं हे मला पटतच नाही, त्याला फळा दिसतच नसणार! रंगद्रव्य कमी असलं की डोळ्याचा पडदा पूर्ण घडत नाही, त्यामुळे चष्म्यानेही सगळं स्पष्ट होत नाही. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, पुस्तक नाकाला लावून वाचतो तर वाचू दे, त्याने डोळे बिघडत नाहीत. लो व्हिजन (चष्मा लावूनही कमी दिसणं) क्लिनिकला दाखवा, छोटी दुर्बीण, भिंग मिळतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लो व्हिजन येतं, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळही मिळतो.

सोलापूरचं ऊन म्हणजे टोपी, फुल बाह्या, सनस्क्रीन रोज हवंच, त्वचेच्या कॅन्सरचा धोका खरा आहे. खेळ बंद नको, फक्त सकाळी लवकर नाहीतर सावलीत.

चिडवण्याचं बाईंशी बोला, वर्गाला त्यांनीच समजावून सांगावं, पण आधी मुलाला विचारा, त्याला चालेल का.