सासरे हेल्मेट घालत नाहीत, मी काय करू?

"घरातलं माणूस हेल्मेट घालत नाही. सांगून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. आता काय करू?" एवढाच प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे सहसा कोणी येत नाही. तो दुसऱ्या तक्रारीच्या पोटातून निघतो. झोप लागत नाही, नवरा माझी बाजू घेत नाही, घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, असं बोलता बोलता गाडी हेल्मेटवर येते.

पुण्यात या प्रश्नाला एक जादा पदर आहे. इथे हेल्मेट न घालणं हा नुसता आळस नसतो, ती भूमिका असते. जानेवारी 2019 मध्ये पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कारवाई कडक केली, तेव्हा पुणेकर पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते. "आम्ही हेल्मेटच्या विरोधात नाही, सक्तीच्या विरोधात आहोत" हे वाक्य तेव्हा घराघरात होतं. अनघाचे सासरे त्या आंदोलनात हौसेने गेले होते. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

अनघा नोकरी करणारी, छत्तिशीतली. सासरे, म्हणजे नाना, बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, राहायला पेठेत. अनघाच्या मुलाला, सहा वर्षांच्या अर्णवला, शाळेतून आणायचं काम नानांचं. ॲक्टिव्हावर पुढे पायाशी उभा नातू, मागे नाना, आणि दोघांचीही डोकी उघडी. शाळा सुटायची वेळ झाली की ऑफिसमध्ये अनघाचा हात फोनकडे जायचा. घरी पोचल्याचा नानांचा मेसेज आला नाही तर समोरच्या मीटिंगमध्ये काय चाललंय ते तिला कळायचं नाही.

तिने सगळे उपाय करून पाहिले होते. महागातलं हेल्मेट वाढदिवसाला दिलं, ते कपाटावर गेलं. अपघाताचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकले, नानांनी ग्रुप म्यूट केला. शेवटी तिने फ्रिजवर एक कात्रण चिकटवलं: 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार आणि मागे बसलेले अपघातांत मेले. आकडा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला, खराच. नानांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाले, "हेल्मेट नसल्यामुळे गेले असं हे म्हणत नाही, हेल्मेट नसताना गेले असं म्हणतंय. आणि यातले पेठेत वीसच्या स्पीडने जाणारे किती, ते लिहिलेलं नाही."

ऐकताना मला हसू आलं, कारण माणूस मुद्द्याला चुकला नव्हता. अनघा मात्र हसली नाही. "मॅडम, माझा नवरा निखिल म्हणतो तुमच्या दोघांत मला ओढू नका. मग मी कोणाला सांगायचं?"

अनघा करत होती ते आपण सगळेच करतो. समोरचा ऐकत नाही म्हणून आवाज वाढवतो, पुरावे वाढवतो. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये यावर मांडणी केली होती. आपलं स्वातंत्र्य काढून घेतलं जातंय असं वाटलं की माणूस नेमकी तीच गोष्ट घट्ट धरतो, एरवी त्याला तिचं फारसं काही नसलं तरी. भीती दाखवण्याचंही असंच होतं. भीती वाटली आणि सहज करता येण्यासारखा उपाय हाताशी असला, तर माणूस उपाय करतो. उपाय नकोसा किंवा अवघड वाटत असेल, तर तो भीती दाखवणाऱ्यालाच टाळतो. नानांनी ग्रुप म्यूट केला तो यामुळे.

कायद्याबद्दल माझं मत विचाराल तर तो बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे, पगडीधारी शीख वगळता, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. "डोकं माझं, मी बघून घेईन" हे ऐकायला ठीक वाटतं, पण मेंदूला मार लागलेला माणूस स्वतःचं काहीच बघून घेत नसतो. त्याचं सगळं दुसरं कोणीतरी बघतं. नोकरी सोडून उशाशी बसणारी ती व्यक्ती बहुतेक घरांत बायको, मुलगी किंवा सून असते, आणि तिला कोणी निवड विचारलेली नसते. एवढं मान्य करूनही सांगते, कायदा चौकात चालतो. जेवणाच्या टेबलावर सून ट्रॅफिक हवालदार झाली की सासरे गल्लीबोळातून पळवाट काढणारच.

म्हणून अनघाबरोबर आधी एकच काम केलं. तिच्या बोलण्यात दोन गोष्टींची गाठ बसली होती, ती सोडवली. अर्णवच्या डोक्यावर हेल्मेट असणं हा आई म्हणून तिचा निर्णय होता. नानांच्या डोक्यावर असणं हा नानांचा. पहिल्यात तिला विनवणी करायची गरज नव्हती आणि दुसऱ्यात तिचा हुकूम चालणार नव्हता. ती नेमकं उलट करत होती. नानांना फर्मावत होती आणि अर्णवच्या बाबतीत गप्प होती, कारण "ते त्याला आणतात म्हणून मी नोकरी करू शकते, कोणत्या तोंडाने बोलू?" हे तिच्या मनात होतं. हे ओझं खरं असतं. सासू-सासऱ्यांच्या मदतीवर नोकरी करणाऱ्या पुष्कळ बायका मुलांबाबत तोंड मिटून असतात.

बऱ्याच सरावानंतर तिने घरी नानांना सांगितलं ते असं: "नाना, तुम्ही अर्णवला आणता याचा मला फार आधार आहे. तुमच्या हेल्मेटबद्दल मी आता बोलणार नाही. पण अर्णव हेल्मेटशिवाय आणि पुढे उभा राहून गाडीवर जाणार नाही. जमणार नसेल तर मी व्हॅन लावते, राग नाही." नाना दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलले. मग स्वतः जाऊन लहान मुलांचं हेल्मेट घेऊन आले आणि पावती टेबलावर ठेवली.

पुढच्या वेळी नाना स्वतःच माझ्याकडे आले. मला वाटतं, आपलं म्हणणं पुरतं ऐकून घेणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. बसल्या बसल्या सुरुवात: आधी खड्डे बुजवा, मान दुखते, बाजूचं दिसत नाही, उन्हात डोकं शिजतं, पावसात काच धुरकटते. आणि शेवटी, "तुमची अनघासुद्धा डेक्कनला जाताना तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाते, हेल्मेट डिकीत असतं. तिला विचारा."

मी कशाचंही खंडन केलं नाही. विचारलं, "नाना, समजा सक्ती नाहीच. कायदा नाही, दंड नाही, अनघाही काही म्हणत नाही. मग तुम्ही काय केलं असतं?"

ते थांबले. "हायवेला घालतोच की मी. सासवडला जाताना घालतो."

"का?"

"तिकडे ट्रक असतात."

"सक्ती नसती तर काय केलं असतं?" हा प्रश्न मी दारू-तंबाखूच्या बाबतीतही वापरते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनी माणसांबरोबर काम करताना बोलण्याची जी पद्धत घडवली, तिचा गाभा हा की बदलाची कारणं समुपदेशकाच्या तोंडून नाही, त्या माणसाच्या तोंडून यायला हवीत. मग मी विचारलं, गावात हेल्मेट घालणं तुम्हाला दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं? "दोन." शून्य का नाही? इथे लोक गडबडतात, कारण त्यांनी "जास्त का नाही" या प्रश्नाची तयारी केलेली असते. नाना म्हणाले, "आमच्या बँकेतला एक जण स्टँडवरून गाडी काढताना पडला होता. स्पीडबिड काही नव्हता." नंतर बराच वेळ ते त्या माणसाबद्दलच बोलत राहिले.

बोलता बोलता त्यांनी उजव्या कानामागे बोट नेलं. तिथे श्रवणयंत्र होतं, केसांत लपलेलं. अनघाला यंत्र आहे हे माहीत होतं, पण ते हेल्मेटमध्ये शिट्टी मारतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. कान झाकला गेला की यंत्रातून बाहेर पडणारा आवाज परत त्यातच शिरतो आणि कुईं करत राहतो. यंत्र काढावं तर मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न कळत नाही. "पीएमटीची बस अंगावर आली तरी समजायचं नाही," ते म्हणाले, आणि लगेच, "घरी सांगू नका. लगेच म्हणतील गाडीच बंद करा."

म्हणून त्यांची भूमिका हा नुसता बहाणा होता असं मी म्हणणार नाही. सक्तीबद्दलचं त्यांचं मत पक्कं होतं आणि आजही आहे. पण मताच्या मागे एक अडचण दडली होती, आणि अडचण सांगण्यापेक्षा मत सांगणं मानाचं होतं. घरातल्या कोणी "घाला" याऐवजी "घातल्यावर नेमका त्रास काय होतो?" असं विचारलं असतं, तर हे कदाचित आधीच बाहेर आलं असतं.

"मला माहीत असलेलं थोडं सांगू का? पटलं तर घ्या," असं विचारून मी तीन गोष्टी सांगितल्या. वीसच्या स्पीडची भाषा ते करत होते, तर दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असतो, गाडी उभी असली तरी. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबतं आणि डोक्याला थांबायला काही क्षण जास्त मिळतात, काम एवढंच आहे. फ्रिजवरच्या आकड्यावरचा त्यांचा आक्षेप मी मान्य केला आणि ज्यात घालणारे आणि न घालणारे यांची तुलना आहे त्याकडे वळले: कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासते, तिच्या 61 अभ्यासांवरच्या 2008 च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो. बँकेच्या माणसाला ही तुलना पटली. तिसरी गोष्ट त्यांच्या औषधांची. अँजिओप्लास्टीनंतर ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होते. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, कवटीखालच्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि साध्या आपटण्यानेही आत रक्तस्राव होऊ शकतो. अशा गोळ्या चालू असतील तर तो थांबायला वेळ लागतो. "हे मी ठरवण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांना विचारा," असं म्हणून मी विषय तिथेच सोडला.

त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला सांगितलं नाही, पण ते श्रवणयंत्राच्या तंत्रज्ञाकडे गेले आणि यंत्र तपासून घेतलं. मग निखिलला घेऊन हेल्मेटच्या दुकानात तासभर घातला, यंत्र कानात ठेवून एकेक हेल्मेट चढवून पाहत. शेवटी आयएसआय शिक्क्याचं, तोंड उघडं असलेलं एक निवडलं, त्यात शिट्टी वाजत नव्हती. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट हनुवटीही वाचवतं, त्यामुळे ते जास्त चांगलं, यात वाद नाही. पण कपाटावरच्या उत्तमपेक्षा डोक्यावरचं, पट्टा लावलेलं बरं मला केव्हाही चालेल. किल्ली आता हेल्मेटमध्येच ठेवतात, ही कल्पना त्यांची.

अनघा पूर्ण समाधानी नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नाना अजून उघड्या डोक्याने जातात आणि सक्तीवर आजही तावातावाने बोलतात. तिची पुढची सत्रं मुख्यतः तिच्या स्वतःच्या काळजीवर झाली, कारण नानांनी हेल्मेट घातल्यावरही दुपारी फोनकडे जाणारा हात थांबला नव्हता. स्कार्फचा विषयही निघाला. ती चिडली, मग आता डिकीतलं हेल्मेट बाहेर काढते. अर्णवला "आजोबांना सांग रे" असं पढवायचा मोह तिला झाला होता, तो मी मोडून काढला. मोठ्यांच्या भांडणात मुलाला निरोप्या केलं की त्याचं आणि आजोबांचं नातं त्यात खर्ची पडतं.

हे सगळं चाललं ते नानांची नजर आणि स्मरणशक्ती ठीक होती म्हणून. घरातलं ज्येष्ठ माणूस ओळखीचे रस्ते चुकत असेल, अंतराचा अंदाज जात असेल, गाडीवर चक्कर येत असेल, किंवा कोणीही पिऊन गाडी काढत असेल, तर त्याच्या कलाने घेत बसू नका. तिथे आधी किल्ली ताब्यात घ्या आणि डॉक्टरांची वेळ घ्या. त्या माणसाचा राग तुमच्यावर निघेल, तो निघू द्या.