वणव्याचा धूर बागेत कोंडलाय? आधी फवारणी थांबवा

प्रश्न: गावामागच्या डोंगराला वणवा लागून गेला. आग विझली, पण बागेत अजून रोज सकाळी धूर कोंडतो. हापूसच्या कणीवर, म्हणजे नुकत्याच धरलेल्या बारीक फळांवर, राख बसली आहे. दुकानदार म्हणतो, बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकत्र करून पहाटेच मारा. मारू का?

उत्तर: मारू नका. धूर हा रोग नाही, त्यावर औषध नाही.

आग विझली म्हणजे हवा निवळली असे होत नाही. ओंडके, मुळे धुमसत राहतात आणि धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड व बारीक कण जास्त सुटतात. राख जवळपास खाली बसते, 2.5 मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मात्र कित्येक दिवस हवेत तरंगतात. रात्री थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि त्याखाली धूर अडकतो. ऊन चढून समुद्रावरचा खारा वारा सुटला की धूर वर उठून पांगतो. म्हणजे पहाट सर्वांत वाईट, आणि नेमकी तीच वेळ दुकानदार सांगतो! कोंडलेल्या हवेत औषधाचे तुषारही खाली न बसता तरंगत राहतात. पंप मारणारा धूर आणि औषध दोन्ही छातीत भरून घेतो. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही, एन-95 मास्क लागतो. दमेकरी माणसाला बागेत पाठवूच नका.

धूर विरळ दिसू लागला तरी त्यातल्या वायूंपासून भर उन्हात ओझोन तयार होतो. कलिंगड, श्रावणघेवडा यांसारखी पिके त्याला हळवी. जुन्या पानांवर बारीक ठिपके दिसले की 'करपा आला' म्हणून बाटली गळ्यात मारली जाते. ठिपके नव्या पानांवर पसरत नसतील तर काही मारू नका.

राखेचे म्हणाल तर कणी वाटाण्याएवढी झाल्यावर धूर पांगल्यावर साध्या पाण्याने हलके धुऊन घ्या. जी कलमे अजून फुलोऱ्यात आहेत त्यांवर पाणीसुद्धा नको. माश्या, मधमाश्यांना काम करू द्या. राख अल्कधर्मी असते, तिच्यावर मारलेल्या अनेक कीटकनाशकांची ताकद उतरते. मग दुकानदार दुप्पट मात्रा सांगतो. दुप्पट मात्रा कधीही नको, तीन औषधे एकत्र तर अजिबात नको. तुडतुडे खरोखर दिसले तरच एक शिफारशीचे औषध, लेबलवरच्या मात्रेत.

होरपळलेल्या फांद्या लगेच छाटू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवे असेल तर थांबा, पालवी येऊ द्या. छाटावेच लागले तर कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावा.

कलमे जळाली असतील तर फोटो काढून ताबडतोब पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्या. फळपीक विमा हवामानाच्या निकषांवर आहे, धुराचे पैसे त्यात मिळत नाहीत.

माझा खरा आग्रह जाळरेषेचा, म्हणजे आग अडवण्यासाठी बागेभोवती गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचा. वणवा अडलेल्या बागा मी पाहिल्या आहेत, त्या बहुतेक जाळरेषा राखणाऱ्यांच्याच. पावसाळा संपला, गवत पिवळे पडू लागले की गडग्याबाहेरचा (बागेच्या दगडी कुंपणाबाहेरचा) पट्टा कापून साफ करा. कापा, जाळू नका. राखीव वनात आग लावणे 1927 च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि बांधावरची आग तिथपर्यंत जायला वारा पुरतो. कापलेले गवत गडग्यापासून दूर, आतल्या कलमांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, ओल टिकते. शेजाऱ्यालाही त्याच आठवड्यात कापायला लावा. तुमचा एकट्याचा पट्टा वाऱ्यात अपुरा पडतो.